सिमेंट भरलेली होडी

जहांगीर चाचांनी होडीच्या पोटावरून हात फिरवला आणि बोटांना काहीतरी खडबडीत लागलं. फळ्यांच्या मधल्या फटीत राखाडी लगदा वाळून बसला होता. नखानं खरवडून पाहिलं. सिमेंट. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही सांधा सुटला नव्हता.

ते शेडमधून बाहेर येऊन गोदावरीच्या घाटावर बसले. गुडघे तसेही सकाळपासून कुरकुरत होते.

तेवीस वर्षं नौदलात काढून ते नांदेडला परतले आणि पोरांचं सागरी छात्र दल काढायचं म्हणाले, तेव्हा गल्लीतले लोक हसले होते. समुद्र पाहायचा तर इथून रातभर रेल्वेत बसावं लागतं! तरी दर रविवारी सकाळी सहाला पोरं जमू लागली. पोहणं, वल्ही मारणं, दोराच्या गाठी, झेंड्याला सलामी. अकरा वर्षं हे चाललं. गेली दोन वर्षं मात्र चाचा शेडच्या किल्ल्या कुणाच्या तरी हाती द्यायला बघत होते. घेणारं कुणी मिळेना.

आता तहसीलचा कागद आला होता. होडी पुराच्या मदतीला चालणार असेल तर शेड राहील, नाहीतर जागा खाली करा. सोमवारी साहेब येणार होते. शेड गेली की दल संपलं. संपलं तर संपलं, असंही चाचांच्या मनात येऊन गेलं होतं. घरी बायकोला, दिलशादलासुद्धा ते बोलले नव्हते.

"कुणी केलं हे?" त्यांनी घाटावर जमलेल्या पोरांना विचारलं.

ज्योत्स्ना पुढं आली. गवंड्याची पोरगी, एकोणीस वर्षांची, दलातली सगळ्यात जुनी. "मी, चाचा. बाबाची थापी आणली होती. लई फटी पडल्या होत्या. टाकी गळली की असंच बुजवितेत ना?"

"टाकी पाणी पीत न्हाई, बेटा. लाकूड पितंय." चाचांना रागवायचीही ताकद उरली नव्हती. "उन्हाळाभर कोरडी पडली म्हणून आकसली. पाण्यात ठेवली की फुगून फटी आपोआप मिटतात. तू फटीतच दगड बसविला. फुगायला जागा न्हाई मिळाली तर फळी फाटंल."

"मग आता?"

"काढा सगळं. मग बुडवा."

शनिवार-रविवार पोरं छिन्नी घेऊन बसली. त्यांच्यातला अमान म्हणाला, "ज्योत्स्ने, पुढच्या साली खिडकी बी बसव. वारा येईल."

"आधी तुझं तोंड बुजविते," ती म्हणाली. पण मान वर केली नाही. दोन वर्षांमागच्या पुरात याच होडीतून तिनं वस्तीतली अकरा माणसं आणि एक शेळी काढली होती. त्या दिवसापासून तिच्या घरी 'पोरीचं पाण्यात काय काम' हे कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी तहसीलचे वैजनाथ साहेब जीपमधून उतरले. "होडी कुठाय?"

"ती काय, साहेब," अमाननं पाण्यात बोट दाखवलं. "तळाला."

काठालगत, दगडांच्या ओझ्याखाली होडी कडेपर्यंत बुडालेली होती.

"बुडालेली होडी बघायला बोलावलं व्हय मला?"

'हाव साहेब, बुडाली' एवढं चाचांनी म्हटलं असतं तरी पुढचे सगळे रविवार झोपायला मोकळे होते.

ज्योत्स्ना सावधानमध्ये उभी राहिली. "चूक माझी हाय, साहेब. मी सिमेंट भरलं होतं. काल सांजच्याला काढून झालं. आता लाकूड पाणी पिऊन राहिलंय. गुरुवारी या."

साहेबांनी काठावर वाकून पाण्यात पाहिलं. ते उमरीकडचे. "आमचा बाप उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं डोहात टाकायचा," ते म्हणाले. "लाकूड आकसलं की चाकावरची लोखंडी धाव ढिली व्हायची."

"तेच हाय हे, साहेब," चाचा पहिल्यांदा बोलले. बोलल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

"गुरुवारी येतो. तरंगली न्हाई तर शेड खाली."

गुरुवारी पोरांनी दगड काढले, बादल्यांनी पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली. एका सांध्यातून पाण्याची बारीक रेघ झिरपत होती, बाकी कोरडं. साहेबांनी बूट काढले आणि आत बसले. ज्योत्स्नानं वल्हं धरलं. पल्याडच्या काठाला होडी टेकली आणि परत आली. चाचा पायरीवरूनच बघत होते.

साहेबांनी कागद काढला. "होडी यादीत घेतो. प्रमुख कोण लिहू?"

चाचांनी खिशातून किल्ल्या काढून ज्योत्स्नाच्या ओल्या हातावर ठेवल्या. "हिचं लिहा."

तिनं किल्ल्या मुठीत धरल्या. "लिहा, साहेब. पण चाचा, तुम्ही रविवारी येताव ना? लाकडाचं मला काय कळतंय?"

चाचांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, पुन्हा बसले.

"येतो," ते म्हणाले. "पण सहाला न्हाई. सातला."