निराधारांच्या यादीत

"निराधार स्त्रिया," चर्चच्या सेक्रेटरी सरांनी माइकवर वाचलं. चौथं नाव माझं.

मी तोंडातला केक गिळला आणि उठले. मला वाटलं, बक्षीस आहे. खोटं कशाला सांगू? त्या नाताळात गव्हाणीच्या देखाव्यासाठी आम्ही जीन्सच्या चिंध्यांची अकरा मेंढरं शिवली होती. निळी मेंढरं. फादर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होते. स्वतःचं नाव माइकवरून आलं की त्याच्या आधीचा शब्द कोण ऐकतं? पदर सावरत, नव्या उंच टाचांवर तोल सांभाळत मी चर्चच्या अंगणातल्या स्टेजवर चढले. फादरांनी हातात पिशवी ठेवली. आत तूरडाळ आणि एक सोलापुरी चादर. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मी नवरीसारखी हसतेय.

पाचवं नाव आग्नेसचं. ती उठली नाही. खुर्चीत बसून सरांकडे नुसती बघत राहिली. सर मला म्हणाले, "तिची पण तुम्हीच न्या, बाई. एकाच घरी जायचीय."

यादी कसली आहे ते मला तेव्हा कळलं. दोन हातांत दोन पिशव्या. आणि बायकांच्या रांगांतून आवाज आला, "दोन कशाला? त्यांचं एकाच चादरीत भागतंय."

हशा पिकला. सरांच्या बायकोनं तोंडाला रुमाल लावला.

आणि मीही हसले.

माझी भाचरं हा किस्सा मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. निळ्या मेंढरांपर्यंत मी रंगवून सांगते, पोरं पोट धरून हसतात. पुढचं कधी सांगितलं नाही. आज सांगते.

मी नगर जिल्ह्यातली. आजोबा गावकुसाबाहेर राहायचे, तिथंच ख्रिस्ती झाले. देव बदलला, घराची जागा तीच राहिली. त्यामुळे संशय आमच्या घरात वारशानं येतो. कुणी गोड बोललं की माझा आजा आधी त्याच्या हातांकडे बघायचा. आग्नेस वसईची. तिच्या घरची वाडी, विहीर, चर्चमध्ये पुढचा बाक. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात ती मशीनवर आणि मी धागे कापायला. एकदा धाग्याबरोबर मी आख्खा खिसाच कापला. सेठचं लक्ष जायच्या आत तिनं तो परत शिवून दिला, माझ्याकडे न बघता. तिथून सुरुवात. पुढं अंबरनाथ पूर्वेला चाळीत आम्ही खोली घेतली. त्या नाताळापर्यंत सहा वर्षं झाली होती. चूल एक, खाट एक, भांडणं रोजची. संसार म्हणतात तोच.

यादीत कशा आलो, तर त्याच वर्षी फादर घराला आशीर्वाद द्यायला आले होते. दरवर्षी येतात, पवित्र पाणी शिंपडतात, आणि बरोबर सेक्रेटरी सर येऊन प्रत्येक घराचं कुटुंब कार्ड भरतात. सरांनी विचारलं, घरातला कर्ता कोण? मी म्हटलं, दोघी. सर म्हणाले, कर्त्याला रकाना एकच आहे. मग त्यांनी मान खाली घालून दोन कार्डं लिहिली. एक तिचं, एक माझं. वर 'एकटी'. आम्ही दोघी एकमेकींना खेटून उभ्या होतो आणि सर लिहीत होते, एकटी. एकटी. मी त्यांना चांगल्या कपातून चहा दिला. वर थँक्यूही म्हटलं. एकटीची कार्डं पुढं निराधारांच्या यादीत जातात, हे कुणी सांगितलं नव्हतं. वर्गणी मात्र आम्ही दोन कार्डांची दोनदा देत होतो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आग्नेसनं दोन्ही चादरी मशीनखाली घातल्या आणि मधोमध जोडून टाकल्या. म्हणाली, "एकीत भागतंय म्हणतात ना? मग एकच करू." शिवण जाड आली होती. झोपताना पाठीला टोचायची.

ती अशी. मी तशी नाही. त्या हशानंतर मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. दूधवाल्यानं माप जरा सैल घातलं तरी वाटायचं, ह्याला काय कळलंय? सिस्टरांनी "दोघी बऱ्या ना?" विचारलं की 'दोघी' ह्या शब्दावर मी दिवसभर घुटमळायची. आणि तो आवाज कुणाचा, ते शोधत राहिले. मिस्साला बसल्या बसल्या एकेका बाईच्या तोंडात ते वाक्य घालून बघायची. प्रार्थना बाजूला. एकदा आग्नेसला म्हटलं, चर्चला जाताना जरा दहा पावलं मागून येत जा. ती रस्त्यात थांबली. म्हणाली, "मागून का? मी तुझी मोलकरीण आहे का?" आणि माझ्या पुढं दहा पावलं चालायला लागली. तिच्या पाठीकडे बघत मी चर्चपर्यंत गेले. स्टेजवर हसले त्यापेक्षा ह्याची लाज मला जास्त वाटते.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिचं पोट दुखायला लागलं. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स, लगेच ऑपरेशन. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढं केला. नातेवाइकाची सही. मी 'बहीण' लिहिलं. त्यानं दोन आडनावं वाचली.

"लग्न झालंय तुमचं?"

"नाही."

"मग आडनाव वेगळं कसं?"

खोटं बोलायला लागणारी हुशारी देवानं मला दिली नाही. बोलायला गेले की कान लाल होतात. तो म्हणाला, मैत्रिणीची सही चालत नाही, घरचं माणूस बोलवा. घरचं माणूस मीच आहे, हे म्हणायचं सोडून मी फॉर्म त्याला परत दिला.

वसईला तिच्या भावाला निरोप धाडला. दहा वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. तोवर ती पाय पोटाशी घेऊन, दात आवळून पडलेली. आत अपेंडिक्स फुटलं होतं. भावानं सही केली, दोन मिनिटांचं काम. ऑपरेशनआधी तिच्या हातातल्या बांगड्या काढल्या होत्या. नर्सनं त्या कागदात गुंडाळून मला ओलांडून त्याच्या हातात दिल्या. नातेवाईक तो. "आमच्या घरचं सोनं आहे," तो म्हणाला, आणि ती शुद्धीवर यायच्या आत निघून गेला.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, नशीब. तिला उभं राहायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत तिला न्हाऊमाखू घालणारी, धरून चालवणारी मी. कुठल्याही कागदावर मी नव्हते.

पुढच्या ईस्टरआधीच्या उपासकाळात चर्चमध्ये सांगितलं गेलं की ख्रिस्ती लग्नाचा कायदा जुना झालाय, तो बदलण्यासाठी लोकांच्या सूचना हव्यात. आमच्या गल्लीतल्या आठ ख्रिस्ती घरांचा एक समूह होता, महिन्याला एकेका घरी प्रार्थना. आमच्या घरची पाळी कधी आलीच नव्हती. आणि नेमकी आता आली. मोनिकामावशीनं ठरवलं. मावशी म्हणजे समूहातली सगळ्यात म्हातारी विधवा, मुलगा आखातात, जीभ कात्रीसारखी. मला पक्का संशय, ह्या बायका खाटा मोजायला येताहेत.

म्हणून मी काय केलं? शेजारच्या सिंधी भाभीकडून एका दिवसासाठी दुसरी खाट आणली. भाभीनं विचारलं, "खटिया कायको? मेहमान है?" मी हो म्हटलं. आग्नेस मशीनवर बसून बघत होती. एवढंच म्हणाली, "पाहुणी कोण? तू की मी?"

लोक आले. खाली जोडलेली चादर अंथरली होती, दुसरी मोठी नव्हतीच. प्रार्थना झाली. सर सूचना लिहून घ्यायला लागले. बायकांनाही पुरुषांसारखा घटस्फोट मिळावा, कुणीतरी म्हणालं. सरांनी लिहिलं. मोनिकामावशी चादरीवरच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "सर, ह्या दोघींचं बी लिवा."

सरांनी पेन थांबवलं. "काय लिहू?"

"सरकारी कागद पायजे त्यांना. लग्नाचा. फादर त्यांचं लगीन लावायचे न्हाईत, ती चर्चची गोष्ट, चर्चपाशी. पर कोर्टाचा कागद काय फादरच्या खिशात असतो? ही पोरगी दवाखान्यात मरत हुती आन् हिची सई चालंना. माज्या गुडघ्याला पलास्तर हुतं तवा म्हयनाभर मला कुणी उचललं? ह्याच दोघींनी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चादरीचं तवा म्याच बोलले हुते."

पाच-सहा वर्षं मी ज्या तोंडाच्या शोधात होते, ते माझ्यासमोर माझाच चहा पीत होतं. पहिला विचार आला, आता हिला काय पाहिजे? मी तिला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही. पण ती म्हणाली ते खरं होतं.

सर हसून म्हणाले, "बरं, बरं. असं लिहितो, एकट्या, निराधार भगिनींचा विचार व्हावा. नाव नको कुणाचं. तुमच्याच भल्यासाठी."

माझ्या भल्यासाठी. पुन्हा तीच यादी.

मी उठले. कान लाल झाले होते, ऐटीत उठले असं म्हणणार नाही. सरांच्या हातातला कागद घेतला. 'निराधार' खोडलं.

"मी निराधार नाही, सर. दोन माणसांचं घर चालवते. जोडीदार लिहा. आणि खाली माझं नाव लिहा, खोलीच्या नंबरासकट."

"बाई, विचार करा."

"सहा वर्षं तेच केलं."

सरांनी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिलं. धर्मातलं तुम्ही बघा, पण दोन बायका किंवा दोन पुरुष एका संसारात राहत असतील, तर सरकारनं त्यांच्या लग्नाची नोंद करावी. अक्षर वाकडं आलं. आग्नेसनं सही केली. मावशीनं केली, अर्धं पान भरून. कारखान्यात पाळीला जाणाऱ्या नवरा-बायकोनं केली. तो म्हणाला, देव दवाखान्यात आडनाव विचारत नाही. आठातल्या पाच घरांनी केली. त्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन खोडली, मुलीचं लग्न ठरायचंय म्हणाला. तीन घरं उठून गेली. कार्बन घालून मी दुसरी प्रत काढून ठेवली. सरांनी विचारलं, विश्वास नाही का? मी म्हटलं, नाही.

मग सगळ्यांच्या देखत भाभीची खाट आम्ही दोघींनी दोन बाजूंनी उचलली आणि परत नेऊन ठेवली.

तो कागद पुढं कुठं गेला, मला माहीत नाही. उत्तर आलं नाही. माझा संशय आहे, चर्चच्या ऑफिसातून तो बाहेरच पडला नसावा. आमची प्रत पत्र्याच्या पेटीत आहे.

त्या वर्षीच्या नाताळात यादीत आमची नावं परत वाचली गेली. आम्ही उठलो नाही. दोघी. केक खात बसलो. पिशव्या स्टेजवरच राहिल्या.

नंतर नवे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. तरुण, हसरे. मला त्या हसण्याचाही संशय आला. मागं सर, काखेत कार्डं. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "फादर, घर एक आहे. कार्ड एक करा, मग आत या." आत आग्नेसचं मशीन चालू होतं. तिनं ते थांबवलं नाही. फादर सरांकडे बघायला लागले, सर जमिनीकडे. मग फादरांनी दाराबाहेरूनच पाणी शिंपडलं. चार थेंब उंबरठ्याच्या आत पडले.

मी वाकून फडक्यानं ते पुसले. दर वर्षी पुसते. कार्ड एक होईपर्यंत पुसत राहीन.