आजोबांचा थोरला मुलगा

बोट लागणारा कोळी शोधायला निघालात तर अख्खा व्हिएतनामचा किनारा पालथा घालू नका. आमच्या गावात या आणि बर्फवाल्या तोआनचं घर विचारा. लोक हसतील, पण घर दाखवतील.

आई-वडील लहानपणीच गेले, म्हणून काकाने वाढवलं. मोठ्या हौसेने त्याने मला होडीवर नेलं आणि मी पहिल्याच फेरीत ताज्या मासळीच्या टोपलीत ओकलो. दुसऱ्या फेरीत काकाच्या अंगावर. तिसऱ्या फेरीची वेळ त्याने येऊ दिली नाही. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात मला चिकटवून दिलं. तेव्हापासून मी बर्फ फोडतो, टोपल्या भरतो, होड्यांवर चढवतो आणि होडी हलायच्या आत उडी मारून खाली येतो.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? स्थळ बघायला गेलो की मुलीची आई विचारायची, "होडी कुठली?" मी म्हणायचो, "होडी नाही, बर्फ." पुढे चहासुद्धा यायचा नाही. असं करत करत चाळिशी ओलांडली. शेवटी मिएनला विचारलं. मिएन धक्क्यावर माशाची पेज विकते. माझ्याहून वर्षभराने मोठी, तोंडाने फटकळ. तिचा नवरा विन्ह वादळात समुद्रावर गेला तो परत आला नाही, त्याला बरीच वर्षं झाली. मी रोज पहाटे तिच्याकडे पेज प्यायचो. एकदा धीर करून म्हटलं, "मिएन, आपण लग्न करायचं का?" ती म्हणाली, "वाटी खाली ठेव आधी, सांडशील." हा होकार होता, हे मला शिंपल्या काढणाऱ्या साऊ मावशीने समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

लग्न ठरलं. पण तिच्या घरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे कपाळ टेकून चार वाक्यं बोलायची असतात, आणि चार माणसांत माझी वाचा बसते. म्हणून पहाटे अंधारातच वाळूवर सराव करायला गेलो. समोर काहीतरी लांबलचक काळं दिसलं. त्राक शेठची होडी उलटी करून ठेवलीय असं वाटलं. म्हटलं, चला, हेच पूर्वज समजू. गुडघे टेकले, कपाळ वाळूला लावलं आणि म्हणालो, "पूर्वजहो, मी तोआन, मला पदरात घ्या." पुन्हा वाकलो. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा वास आला. मान वर केली तर होडीला डोळा होता.

मागे शिंपल्या काढायला आलेल्या बायका उभ्या होत्या, त्यांत साऊ मावशी सगळ्यात पुढे. "अगं बाई, आजोबा विसावले!" ती ओरडली. "आणि हा तोआन बघा, कसा पाया पडतोय!"

आमच्याकडे देवमाशाला आजोबाच म्हणतात. बुडत्या माणसाला पाठीवर घेऊन ते किनाऱ्याला आणतात, अशी सगळ्यांची श्रद्धा. ते मरत नाहीत, विसावतात. आणि विसावलेल्या आजोबांना जो सगळ्यात आधी पाहतो तो त्यांचा थोरला मुलगा होतो. बापाचं करावं तसं सगळं त्याने करायचं. डोक्याला पांढरी पट्टी बांधायची, प्रेतापुढे चालायचं, तीन वर्षं सुतक पाळायचं. त्या तीन वर्षांत लग्नाचं नाव काढायचं नाही.

हे शेवटचं माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आजोबांच्या देवळातला नगारा वाजायला लागला होता. अर्ध्या तासात सगळं गाव वाळूवर जमलं. देवळाचे म्होरके काऊ आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "तोआन, तुझे वडील गेले."

"ते तर कधीच गेले," मी म्हणालो.

"हे दुसरे."

गाव माझ्याकडे आदराने बघत होतं. जन्मात पहिल्यांदाच. आणि मी मनात हिशेब करत होतो की तीन वर्षं मिएन कशाला थांबेल? तिने तर वाटी खाली ठेवायला सांगितलं होतं, एवढंच.

तेवढ्यात त्राक शेठने मला बाजूला ओढलं. पाच होड्यांचा मालक, पण हा मान त्याच्या घराण्यात कधी आला नव्हता. "हे बघ, पहिल्यांदा मी पाहिलं असं म्हणू. माझ्या होड्यांना बरकत, तुला बायको. काय?" माझं 'हो' त्याचं वाक्य संपायच्या आत बाहेर पडलं. इतक्या चपळाईने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

पण साऊ मावशीचे कान तिखट. "आणि आम्ही काय आंधळ्या? तीनदा पाया पडला तो. 'पदरात घ्या' म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आता बापाला विकतोस का रे?"

लोक हसले. त्राक शेठ पाण्याकडे बघायला लागला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मावशी, माझं लग्न आहे गं."

"मग कर की."

"सुतकात?"

"सुतक कुठे लागलंय? डोक्याला पट्टी बांधलीय का अजून? नाही ना? मग बाप अजून गेलेला नाही. माझ्या भावाचं लग्न असंच उरकलं. आतल्या खोलीत बाप झाकून ठेवलेला, बाहेर लग्नाच्या सुपाऱ्या वाटत होते." तिने काऊ आजोबांकडे पाहिलं. "सांगा ना हो, चालतं की नाही?"

काऊ आजोबांनी दाढी कुरवाळली. चालत होतं. सुतकाआधी लग्न उरकून घेणं गावाला नवीन नव्हतं. फक्त ते आजच व्हायला हवं होतं, कारण संध्याकाळच्या भरतीआधी आजोबांना पुरायचं होतं आणि ऊन चढेल तसे आजोबाही जाणवायला लागले होते. "एकच," काऊ आजोबा म्हणाले. "सून म्हणून तिला सासऱ्याच्या पाया पडावं लागेल. त्याशिवाय लग्न धरता येणार नाही."

मी धावत धक्क्यावर गेलो. मिएन पेजेचं भांडं घासत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. ती घासायची थांबली नाही.

"त्या देवळाची पायरी मी चढत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"हे देवळात नाही, वाळूवर आहे," मी म्हणालो. माझी अक्कल अशी ऐन वेळी चालते.

"विन्ह बुडाला तेव्हा कुठे होते हे आजोबा? ज्याला त्याला पाठीवर घेतात म्हणे. त्याला का नाही घेतलं?"

मी तिच्या हाताखालच्या भांड्यात पाणी ओतलं.

"येईन मी," ती शेवटी म्हणाली. "लग्न तुझ्याशी ठरवलंय, माशाशी नाही. पण वाकणार नाही. चालत असेल तर बघ."

परत येऊन मी काऊ आजोबांना सांगितलं, "आनंदाने तयार आहे."

दुपारी वाळूवर चटई घातली. त्राक शेठने मानापोटी सुपाऱ्या आणि विड्याची पानं आणली. मिएन लाल झगा घालून आली. तो तिने कुणाचा तरी मागून आणला असावा, कारण बाह्या आखूड होत्या. मला ती फार सुंदर दिसली. आजूबाजूला वास असा होता की वऱ्हाडी नाकाला फडकं लावून उभे होते. मी एकटाच फडक्याशिवाय होतो. मुलाने बापाच्या वासाला नाक मुरडायचं नसतं. होडीवर ओकणारा मी, वाळूवर कसाबसा तग धरून होतो.

तिच्या पूर्वजांची तसबीर आणली होती. तिच्यापुढे मी चारही वाक्यं न चुकता बोललो, सराव कामी आला. मग काऊ आजोबा म्हणाले, "सूनबाई, सासऱ्यांच्या पाया पडा."

मिएन हलली नाही.

भरतीचं पाणी आजोबांच्या शेपटीला लागत होतं. बायका कुजबुजायला लागल्या. मला राहवलं नाही. "हिचे गुडघे दुखतात हो, उभ्यानेच धरा," मी म्हणालो.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," मिएन म्हणाली.

आणि ती चालत पुढे गेली, पार आजोबांच्या डोळ्यापाशी. तो अर्धा मिटलेला होता, कडेला वाळू साचली होती. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर जाब विचारणार आणि माझं लग्न मोडणार. ती एकदम हळू बोलली, पण वारा आमच्याकडे होता.

"निदान तुम्ही तरी किनाऱ्याला आलात."

आखूड बाहीने तिने त्या डोळ्याच्या कडेची वाळू पुसली. मग गुडघे टेकले आणि कपाळ वाळूला लावलं. साऊ मावशीने नाकावरचं फडकं काढून डोळ्यांना लावलं.

लग्न झालं, आणि लगेच सुतक लागलं. काऊ आजोबांनी पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून माझ्या डोक्याला बांधली. दुसरी मिएनला दिली, सुनेची. तिने ती घेतली आणि हात तसाच पुढे ठेवला.

"अजून एक द्या."

"अजून कुणाची?"

"विन्हची."

विन्ह गेला तेव्हा तिने पांढरं बांधलंच नव्हतं. येईल, म्हणत राहिली होती. इतकी वर्षं तिच्या पेजेवर जगलेला मी, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

काऊ आजोबांनी तिसरी पट्टी फाडली. मिएनने सुनेची पट्टी स्वतःच बांधली, विन्हची माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. मी बर्फ फोडणारा माणूस, मला धड गाठ मारता येत नाही, त्यात डोळ्यांतून पाणी चाललं होतं. लोकांना वाटलं, काय हा मुलगा, बापासाठी किती रडतोय.

"सैल झाली," मिएन मागे न बघता म्हणाली. "घट्ट बांध."

मी सोडली आणि पुन्हा बांधली.