नंदीबैल आणि दहावीचं गणित

आमच्या ह्यांनी अख्ख्या संसारात एकदाही माझी माफी मागितली नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाची तारीख विसरून ड्युटीवर निघून गेले तेव्हा नाही, आणि माझी नवीकोरी साडी स्कूटर पुसायला घेतली तेव्हाही नाही. "होते कधी कधी," एवढंच. आणि फोनमधला मास्तर? त्यानं पहिल्याच आठवड्यात इतक्यांदा 'क्षमस्व' म्हटलं, की मला वाटलं, याच्या घरी काही वाईट झालं की काय!

मास्तर म्हणजे एआय. हैदराबादला नोकरी करणारी आमची लेक दिवाळीत भिलाईला आली होती, तेव्हा तिनं तो माझ्या फोनमध्ये घालून दिला. बोललेलं त्याला समजतं, मराठीत विचारलं तर मराठीत सांगतो, हिंदी पुस्तकाचा फोटो दाखवला तर तेही वाचतो. मला तो एकाच कामासाठी हवा होता. मला दहावी पास व्हायचं होतं.

हसू नका. पन्नाशी उलटलेल्या बाईला दहावी कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटले, त्यात आमचे हे पहिले. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी दहावीला बसले, गणितात उडाले, आणि त्याच उन्हाळ्यात डोक्यावर अक्षता पडल्या. भिलाईला आले, कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात संसार केला, लेकीला इंजिनीअर केलं, मग वैशाली नगरात घर बांधलं. पण कोणी "किती शिकल्या?" विचारलं की माझी मान खाली. आता ओपन स्कूलमधून बसले होते, हिंदी माध्यमात. बाकीचे विषय पहिल्याच झटक्यात निघाले. गणित तेवढं पुन्हा राहिलं. मेलं ते गणित मला या खेपेला काढायचंच होतं.

"कावून डोकं फोडून राहिली?" हे म्हणाले. "तुले काय कोणी साहेब करून राहिलं का?"

"साहेब नाही व्हायचं मले. मले मरायच्या आधी दहावी पास व्हायचं आहे. समजलं?"

"मंग हो," म्हणाले, आणि पेपरात डोकं घातलं.

मास्तरचा स्वभाव भल्ला गोड. काहीही विचारा, "खूप छान प्रश्न!" गणितावरून मला आयुष्यात कोणी छान म्हटलं नव्हतं. गावच्या गुरुजींनी डस्टर फेकून मारलं होतं. त्यामुळे सुरुवातीला मी हरभऱ्याच्या झाडावर चढूनच बसले. उदाहरणाचा फोटो काढायचा, त्याला दाखवायचा, तो पायरीपायरीनं उत्तर मांडायचा आणि मी ते छान अक्षरात उतरवून घ्यायची. पानं अशी देखणी दिसायची की बघत राहावं. आणि पान उलटलं की डोक्यात काही नाही.

एक दिवस हे मागे येऊन उभे राहिले. रिटायर झाल्यापासून यांना दुसऱ्याच्या मागे उभं राहायचा छंदच लागला आहे.

"हे गणित कोण करून राहिलं? तू का तो?"

"आमी दोघं."

"दोघं नाही. तो करून राहिला, तू उतरवून राहिली." आणि खुर्ची ओढून बसले. हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. वर केबिनमध्ये एकटे, खाली तापलेलं लोखंड, आणि खालचा एक माणूस हातानं इशारे करेल तसा लोड उचलायचा. "इशारा एकाच माणसाचा घ्यायचा," हे सांगू लागले, "पण स्टॉप कोणीबी देऊ शकते. झाडूवाल्यानं हात वर केला तरी थांबा लागते. आन् मले वरतून समजलं नाही तं मीच थांबवतो. न समजता लोड उचलला तं खालचा माणूस जाते. तू तं त्याले एकदाबी स्टॉप नाही म्हटलं."

त्यांचं म्हणणं मला पटलं. ते पटलं हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून माझं 'थांब' सुरू झालं. मास्तर समजावतोय आणि एखादी पायरी कळली नाही की मी ओरडायची, "थांब! ते सात कुठून आणले? थांब म्हटलं ना! पुन्हा सांग!" सकाळी भाजी निवडताना थांब, दुपारी कपडे घड्या घालताना थांब. शेवटी शेजारीण कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावून हळूच म्हणाली, "भाभीजी, भाई साहब की तबीयत तो ठीक है ना? आप दिन भर डाँटती रहती हैं." हे आत बसून फिदीफिदी हसत होते.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. मास्तर कधी थकला नाही. उणे गुणिले उणे अधिक कसं, हे त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल, आणि एकदाही डस्टर फेकलं नाही. थांबवून थांबवून मला खरंच समजायला लागलं. वर्गसमीकरण डोक्यात शिरलं तेव्हा मी पोळ्या लाटताना गाणं म्हणत होते. मग आली संभाव्यता, हिंदीत तिला प्रायिकता म्हणतात.

दोन नाणी एकदम उडवली, तर निदान एक तरी छापा पडण्याची शक्यता किती? मास्तर म्हणाला, चारात तीन. मला काही पटेना. छापे दोन पडतील, एक पडेल, नाहीतर एकही नाही पडणार. झाल्या तीन गोष्टी. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. मी आवाज चढवून म्हटलं, "थांब! तुहं चुकलं. तिनात दोन."

"तुम्ही अगदी बरोबर आहात! चुकीबद्दल क्षमस्व," मास्तर म्हणाला. आणि तिनात दोन हेच उत्तर कसं बरोबर, ते त्यानं मला व्यवस्थित समजावूनही सांगितलं.

मी फुशारकी मारत ह्यांच्याकडे गेले. "पाहा, मास्तरची चूक काढली!" ह्यांनी चष्मा लावला, पुस्तकाच्या मागची उत्तरं काढली. चारात तीन.

मी पुन्हा फोन उचलला. "पुस्तकात तं चारात तीन लिहिलं आहे."

"तुम्ही अगदी बरोबर आहात! क्षमस्व."

अगा बाप्पा! असा संताप झाला माझा! नंदीबैल पाहिलाय ना? दारात आला की त्याला विचारायचं, यंदा पाऊस पडेल का? गुबूगुबू मान. नाही पडणार का? पुन्हा गुबूगुबू मान. हा तसला मास्तर. स्वतःचं बरोबर असताना माफी मागतो, का, तर बाईनं आवाज चढवला! घरात एक माणूस चुकला तरी माफी मागत नाही आणि हा दुसरा न चुकता मागतो. मी शिकायचं कोणाकडून?

मी रडकुंडीला आले होते, खोटं कशाला सांगू. परीक्षा तोंडावर, आणि ज्याच्यावर भिस्त ठेवली तो माझ्याच आवाजाला भिऊन उत्तर बदलत होता. असं किती वेळा त्यानं माझं चुकीचं बरोबर म्हटलं असेल, देव जाणे. या खेपेलाही गणित राहिलं, तर पुन्हा बसायची हिंमत माझ्यात नव्हती.

ह्यांनी खिशातून दोन नाणी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "उडव. त्याले कावून विचारते? नाण्याले विचार."

व्हरांड्यात आम्ही दोघं फतकल मारून बसलो. मी उडवायची, हे खडूनं फरशीवर खुणा करायचे. पहिल्याच झटक्यात एक नाणं कपाटाखाली गेलं, ते काढताना ह्यांची कंबर धरली. दुसऱ्यांदा ते कुंडीत पडलं. शेजारीण पुन्हा डोकावली, म्हणाली, "हाय राम, इस उमर में जुआ!" आणि तीच आत येऊन बसली. मग ती उडवायला लागली, मी ओरडायची, हे खुणा करायचे. दुपारचा चहा राहिला, धुणं वाळून कडक झालं, कोणाला शुद्ध नव्हती.

खुणा वाढत गेल्या तसं दिसायला लागलं. एक छापा, एक काटा हे जोडपं सारखं पडत होतं. दोन्ही छापे त्या मानानं फारच कमी. असं कावून? मी दोन्ही नाणी तळहातावर घेऊन पाहत बसले. एक नवं चकचकीत, एक जुनं झिजलेलं. नव्याचा छापा, जुन्याचा काटा. नव्याचा काटा, जुन्याचा छापा.

"हे दोन वेगळे आहेत!" मी अशी किंचाळले की ह्यांच्या हातातला खडू पडला. "तीन नाही वो, चार आहेत! मी दोघांले एकच धरून राहिली होती!"

शेजारणीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी तिनं टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. गणितातली एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, मी पाहिली होती.

त्या दिवसापासून मास्तरच्या नोकरीच्या अटी बदलल्या. मी त्याला बजावलं, "उत्तर तू सांगायचं नाही. मी सांगते, तू ऐक, आन् मंग माह्याशी भांड. माहं बरोबर असलं तरी भांड. मी चिडली म्हणून मान हलवायची नाही." आणि तो भांडू लागला. कधीकधी जुन्या सवयीनं मान हलवायचा, मग मी त्याला झापायची. पण बहुतेक वेळा छान भांडायचा. "ही पायरी कशावरून?" "दुसरी शक्यता तुम्ही का सोडली?" त्याच्याशी भांडता भांडता माझं मलाच कळायचं की पाय कुठे डळमळतोय. आणि दोघांचं जुळलं नाही की पुस्तक होतं, नाणी होती, आणि पंचगिरी करायला हे होतेच. फोन म्हणाला म्हणून आमच्या घरात काही बरोबर ठरत नव्हतं, आणि मी म्हणाले म्हणूनही नाही. दुसरी गोष्ट ह्यांना विशेष आवडली.

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. गणित सुटलं. पास झाले. ह्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली. पण मी पास झाले ते त्याच्या बरंच आधी, पेपरच्या दिवशी, फाटकाशी.

सेंटर भिलाईजवळच्या जामुलच्या एका शाळेत होतं. सिमेंटच्या कारखान्यात जाणारी पोरं, नवीन लग्नाच्या पोरी, आणि त्यात मी. ह्यांनी स्कूटरवरून सोडलं, माझा फोन डिकीत ठेवला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. पेपर बरा गेला. शेवटचा प्रश्न तंबूचा होता. शंकूच्या आकाराचा तंबू, त्रिज्या सात मीटर, उंची चोवीस, कापड किती लागेल? माझं उत्तर आलं साडेपाचशे.

बाहेर येते तर फाटकाशी घोळका. मधे एक तरुण पोरगी, कडेवर लेकरू, हातात फोन. ती फोनला विचारत होती, "शंकु, त्रिज्या सात, ऊँचाई चौबीस, पूरा क्षेत्रफल कितना?" फोननं सांगितलं, सातशे चार. घोळक्यात निम्म्यांनी उड्या मारल्या, निम्म्यांचे चेहरे पडले. त्या पोरीचे डोळे भरून आले. तिनंही साडेपाचशेच लिहिलं होतं.

निम्मे जण म्हणतात, फोनही म्हणतो, म्हणजे माझंच चुकलं? मग मी डोळ्यांपुढे तंबू आणला. आणला आणि ओरडलेच, "थांबा! रुको सब!"

एक काडी उचलली आणि मातीत तंबू काढला. "तंबू को नीचे से कपड़ा लगाते हैं क्या? नीचे तो दरी बिछाते हैं! सातशे चार में नीचे का गोल भी जुड़ गया. वो निकालो." पोरांनी मातीतच वजाबाकी केली. एकशे चौपन्न गेले, उरले साडेपाचशे. "फोन का दोष नहीं है. तुमने उसको शंकु पूछा, उसने शंकु बताया. तंबू पूछो ना."

पोरीनं तंबू विचारलं. फोन म्हणाला, साडेपाचशे. ती हसायला लागली, डोळे पुसत पुसत. लेकरू माझ्या हातातली काडी ओढत होतं. मग तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, पदर सावरला आणि अदबीनं छत्तीसगढीत विचारलं, "मैडम, आप मन कोन इस्कूल म पढ़ाथव?"

मी कोणत्या शाळेत शिकवते, हे ती विचारत होती. मला. आजूबाजूची पोरंही उत्तरासाठी थांबली होती. मी कसंबसं म्हटलं, "पढ़ाती नहीं, बेटा. तुम्हारे साथ ही पेपर देकर आई हूँ." तिला ते खरंच वाटेना.

स्कूटरवर मागे बसले. जामुल मागे पडेपर्यंत मी दम धरला, मग मला जे रडू फुटलं ते काही आवरेना. ह्यांनी घाबरून स्कूटर कडेला घेतली. बाजूनं सिमेंटचे ट्रक धूळ उडवत चालले होते.

"काय झालं? पेपर बिघडला काय?"

"नाही वो. पेपर चांगला गेला."

"मंग रडून कावून राहिली?"

"त्या पोरीनं मले मॅडम म्हटलं," मी म्हटलं. "मले! मी कोणत्या शाळेत शिकवते म्हणून विचारत होती."

ह्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला, ट्रक जाऊ दिले आणि मग स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "बरोबरच म्हटलं तिनं."