सागाचे जुळे पापुद्रे

साठ सालानंतरची गोष्ट. दारव्ह्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या बैठकीत भिंतीला लावायच्या सागवानी फळ्या मी आणि माझे मिस्त्री, चाचा, करत होतो. एकाच ओंडक्याचे दोन पातळ पापुद्रे पुस्तकासारखे उघडून फळीवर शेजारी चिकटवले की रेषा जुळून मोरपिसासारखी नक्षी होते. गरम सरस लावल्यावर दोन दिवस वर दगड ठेवायचे, आधी उचलले तर पापुद्रा सुटतो, हा चाचांचा नियम. पहिल्याच दिवशी माझा साळा आला. आपली कारागिरी त्याला दाखवावी म्हणून मी दगड उचलले आणि परत ठेवले.

पंधरा दिवसांत नक्षीला फुगे आले.

"काय चाचा, हात थकला काय तुमचा?" व्यापारी हसला.

चाचांनी फुगा अंगठ्याने दाबून पाहिला. "सरस पातळ झाला असन, सेठ. आता नजरेले अंदाज येत नाही."

मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर चाचांनी नक्षीचं काम घेतलं नाही. मरेपर्यंत चौकटी आणि खाटांचे पाय केले. नक्षीची कामं माझ्याकडे आली, आणि मी ती घेतली. त्यांची नजर शाबूत होती, हे त्यांना सांगू शकणारा मी एकटाच होतो.