लवंगेचा वास

"आ करा, रामभाऊ," असं म्हणून मी नाक पुढे केलं. आला तो लवंगेचा घमघमाट! मी कपाळाला हात लावला.

मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. रामभाऊ खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधले कामगार. गॅस्ट्रो झाला आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. आम्ही पोटाचं डायलिसिस करत होतो. पोटात नळी घालायची, बाटलीतलं औषधी पाणी आत सोडायचं, थोडं थांबून काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्याच्याबरोबर बाहेर पडते. पडतेय की नाही, ते युरियाच्या रिपोर्टवरून कळतं. पण रक्त अकोल्याला गेलं होतं, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. उरलं आमचं नाक. युरिया साचला की श्वासाला मुतारीसारखा वास येतो, उतरला की जातो.

"वास तसाच असेल तर नागपूरला हलवा," असं आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, सरांनी, बजावलं होतं. जीपचे धक्के खात रामभाऊ नागपूर गाठतील, याची मला खात्री नव्हती.

तेवढ्यात सर आलेच. "काय म्हणतो वास?"

"लवंग, सर."

"लवंगेचं डायलिसिस कधीपासून सुरू केलंत?"

रामभाऊंच्या बायकोनं, सरूबाईनं, पदर तोंडाला लावला. "म्याच देऊन राह्यली साहेब, राउंडाच्या आधी. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर घाण वास सोडाव का?"

"बाई, त्या वासासाठीच तर आम्ही येतो! आता लवंग बंद."

संध्याकाळी पुन्हा वाकलो. लवंग नव्हती. कांदा होता.

"रामभाऊ!"

"भूक लागली साहेब. हिच्या भाकरीसंगचा एवढासा कांदा खाल्ला. मनाई लवंगेची होती, कांद्याची कुठी होती?"

कालपर्यंत हा माणूस अन्न पाहूनच ओकत होता. मला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. त्यांना चुळा भरायला लावल्या, थोडा वेळ जाऊ दिला आणि सरांनाच बोलावलं. त्यांनी चष्मा काढून दोनदा वास घेतला.

"कांदा आहे, मुतारी नाही. आणि ज्याला कांदा गोड लागतो, त्याला नागपूर कशाला?"

सरूबाई रडता रडता हसली. डॉक्टर झालो तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. युरिया उतरल्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, पण तोवर रामभाऊंना लघवीही होऊ लागली होती.

घरी जाताना सरूबाईनं माझ्या हातावर एक पुडी ठेवली. लवंगा!

तेव्हापासून मी पेशंटना सांगत आलो, डॉक्टरचा मान ठेवा, पण राउंड झाल्यावर.