समोर माणूस नसलेली तोंडी परीक्षा

"मॅडम, मुदत संपनारं सर्टिफिकेट नको. पक्कं मिळंल असं बघा," सायलीचे वडील पुन्हा म्हणाले.

मी नगरला स्पॅनिश शिकवते. सायली माझी विद्यार्थिनी, कोपरगावची. वडिलांचं तिथे ठिबकच्या सामानाचं दुकान. तिला स्पेनमध्ये सिंचनात मास्टर्स करायचं होतं, आणि कोर्स स्पॅनिशमधून होता.

कॉलेजला बी-टू लेव्हल हवी होती, म्हणजे लेक्चर समजेल, वाद घालता येईल इतकी भाषा. दोन परीक्षा चालत होत्या: डेले आणि सिएले. डेलेमध्ये लेव्हल आधी निवडायची, मग पास किंवा नापास. तोंडी परीक्षकासमोर, सर्टिफिकेट कायमचं. सिएले सगळी कॉम्प्युटरवर. गुणांवरून लेव्हल ठरते, पण सर्टिफिकेट काही वर्षांपुरतंच.

सायलीसाठी डेलेच बरी होती. समोर माणूस असला की ती छान बोलायची. पण मी कॉलेजची शेवटची तारीख पाहिली. डेलेचा निकाल यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ॲडमिशन बंद.

"म्हंजी जी तिला जमती, ती चालत न्हाई?"

"चालते. वेळेत येत नाही."

सिएलेचा निकाल काही आठवड्यांतच येतो, म्हणून तोच फॉर्म भरला. सराव सुरू झाला. हेडफोनमध्ये प्रश्न यायचा, रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, आणि सायली दुसऱ्या वाक्यालाच अडायची.

"मॅडम, कोणी मानसुद्धा हलवत नाही हो!"

मी तिला भिंतीकडे तोंड करून बोलायला लावलं. तिचंच रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. ती चिडायची, रडकुंडीला यायची. मी वरून खंबीर होते, पण घरी कशातच लक्ष लागत नव्हतं. पुढच्या वर्षी डेले दे, असं सांगायला हवं होतं का?

परीक्षा पुण्यात झाली. निकाल आला. वाचणं, ऐकणं, लिहिणं बी-टू. बोलणं बी-वन, म्हणजे एक पायरी खाली.

वडिलांचा फोन आला. "आता वो?"

"कॉलेजला विचारू. व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलून बघा म्हणावं."

"असं इचारतात व्हय?"

मला माहीत नव्हतं. तरी सायलीला मेल लिहायला लावली. मग आम्ही तिघंही दिवसभर मोबाईल बघत बसायचो. सायली तर रात्री उठूनही बघायची, असं तिची आई म्हणाली.

कॉलेजने व्हिडिओ कॉलची वेळ दिली. मी कोपरगावला गेले, दाराबाहेर थांबले. प्राध्यापक बाईंनी विचारलं, सिंचनच का? सायली ठिबकच्या नळीवरच्या ड्रिपरमध्ये क्षार कसे साचतात ते सांगू लागली. क्रियापदं चुकत होती, पण ती थांबत नव्हती. बाई मध्येच हसल्या, उलट प्रश्न विचारू लागल्या. माझे खांदे तेव्हा कुठे सैल झाले.

ॲडमिशन मिळाली. अट एकच: पहिल्या सेमिस्टरला संभाषणाचा वर्ग सक्तीचा. वडील म्हणाले, "लई चांगली अट हाय."

आता कोणी "कुठली परीक्षा देऊ?" विचारलं की मी आधी कॉलेजची तारीख विचारते. मग कॉलेजला मेल करायला लावते. नियम वेबसाइटवर असतात. सवलत मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.