बघितली का वळखीन

रामनाथच्या आईचा एक फोटो होता. तो तिच्याबरोबरच जळाला.

रत्ना बाळंतपणात गेली. विशीसुद्धा गाठली नव्हती. बाळ वाचलं. तेच रामनाथ. आहुपे गावात अशी बाई गेली की जे करतात, ते सगळं झालं. स्मशानापासून घरापर्यंत वाटेवर राळे फेकले. ती परत यायला निघालीच, तर दाणे वेचत बसेल आणि वेचता वेचता उजाडेल, म्हणून. उंबऱ्यात खिळे ठोकले. तिची लुगडी, बांगड्या, फणी आणि घोडेगावच्या स्टुडिओत काढलेला लग्नातला एकुलता एक फोटो, सगळ्याचं गाठोडं चितेवर ठेवलं. चेहरा घरात राहिला की बाई चेहऱ्यामागं येते, असं आत्या म्हणायची.

आत्या म्हणजे झुंबरबाई. रामनाथच्या बापाची, हौशीरामची, थोरली बहीण. तिनंच भावाचं घर धरलं आणि पोर वाढवलं. हौशीरामनं दुसरी केली नाही. भात लावला, नाचणी काढली, हिरडा गोळा केला, पण बायकोचं नाव तोंडातून काढलं नाही. रामनाथला लहानपणी वाटायचं, प्रत्येकाला आई असते असं काही नाही. काही पोरांना आत्या असते.

तो मोठा झाला, घोडेगावात फ्लेक्सच्या दुकानात लागला. आठवडाभर तिथंच खोली करून राहायचा आणि शनिवारी मुक्कामी एसटीनं घरी यायचा. दुकानात दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे कापायचे. वाढदिवसवाल्याला गॉगल चढवायचा, वारलेल्याच्या मागं ढग लावायचे.

चेहऱ्यांचा नाद लागला तो मोबाईलमुळं. मंचरच्या एका चित्रकलेच्या सरांनी ग्रुप काढला होता, 'रोज एक चेहरा'. सकाळी सर एक फोटो टाकत. झोपायच्या आत प्रत्येकानं त्याचं चित्र काढून टाकायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. रामनाथचे पहिले चेहरे भोपळ्यासारखे यायचे. पिंपरी पेंढारची प्राची नावाची मुलगी ग्रुपवर विचारायची, "रामनाथभाऊ, हे आजोबा आहेत का बटाटा?" सर आवाज रेकॉर्ड करून पाठवत. "तू डोळ्यांपासून सुरुवात करतोस रे, म्हणून तोंड फसतं. आधी डोकं बांध. घर बांधताना कुणी खिडकी आधी बसवतं का?"

रामनाथ डोकं बांधायला शिकला. डोळे डोक्याच्या निम्म्यावर येतात, केसांखाली नाही, हे शिकला. कोळशाची कांडी बोटानं कशी पसरवायची, हे शिकला. पावसाळा संपता संपता त्याचे आजोबा आजोबांसारखे दिसायला लागले.

त्याच सुमारास हौशीराम बांधावरून पडला. बांध दिसलाच नाही म्हणाला. रामनाथनं त्याला मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही. राहिलीय ती जपायची, पण फार उशिरा आलात.

येताना एसटीत हौशीराम खिडकीशी बसला होता. बाहेर डिंभे धरणाचं पाणी होतं. तो पाण्याकडं बघत नव्हता.

"बाजूचं काई दिसत न्हाई," तो म्हणाला. "नळीतून बघितल्यावानी दिसतं. नळी बारीक व्हत चाललीय."

"थेंब टाकायचे रोज, दादा. डॉक्टर म्हनले ना."

हौशीरामनं थेंबांची बाटली खिशात चाचपली. मग म्हणाला, "तू चेहरं काढतो म्हनं."

"काढतो."

"तुझी आई काढून दे मला."

रामनाथला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यानं विचारलं, "कशी व्हती?"

"ते मला सांगता न्हाई येत." हौशीरामनं दोन्ही हात चेहऱ्यापुढं धरले, जणू काही धरून ठेवलंय, आणि खाली सोडले. "बघितली का वळखीन. हे डोळं हाएत तवर काढ."

त्या दिवसापासून रामनाथ रोज दोन चेहरे काढू लागला. एक सरांनी दिलेला आणि एक तिचा.

पहिल्यांदा त्यानं आत्याला विचारलं. झुंबरबाई भाकरी थापत होती. थापता थापता तिनं सांगितलं, "नाक बसकं. गाल चोपल्यालं. डोळं बारीक." रामनाथनं तसं काढलं. शनिवारी मोबाईल बापापुढं धरला. हौशीरामनं तो हातात घेतला, नाकाजवळ नेला, हळूहळू वरून खाली सरकवला.

"न्हाई," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी, "ही न्हाई." त्याच्या पुढच्या शनिवारी त्यानं मोबाईल नुसता परत दिला.

रामनाथ मावशीला भेटायला गेला. सखूबाई, रत्नाची सख्खी बहीण. मजुरीला म्हणून जुन्नरकडं उतरली आणि पिंपरी पेंढारलाच राहिली. मावशी त्याच्यापुढं मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मलाच काढ. माझ्या सुरकुत्या गाळ, म्हंजी झाली ती." मग हसली आणि हसता हसता डोळे पुसले. "नाक मातर सरळ, आमच्या आईचं. आन् वरचा येक दात दुसऱ्यावर चढल्याला. म्हून हसताना वठ मिटून हसायची, दात दिसू द्यायची न्हाई. लई लाजायची त्या दातापायी."

"आत्या म्हनती, नाक बसकं व्हतं."

"तुझ्या आत्याला काय ठावं? का ठावं असून सांगती?"

त्या शनिवारी रामनाथनं आत्याला चुलीपुढंच गाठलं.

"आत्या, मावशी म्हनती, नाक सरळ व्हतं."

"म्हनंना का."

"तू बसकं सांगितलं."

"सांगितलं. आजून इचार, उद्या घारं डोळं सांगन." झुंबरबाईनं फुंकणी खाली ठेवली. "चेहरा जमला का ती यील, मुडद्या. त्याच्यासाठी न्हाई यायची, तुझ्यासाठी यील. तिचं पोर राहिलंय हितं. ते न्यायला यील. एवढी वर्सं मी राखलाय तुला. तुझ्या बापाला डोळं न्हाईत, तुला अक्कल न्हाई."

रामनाथला हसू आलं नाही. त्याला आत्याचा रागही आला नाही. फक्त इतके शनिवार वाया गेले, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. बापाची नळी बारीक होत होती आणि तो बसकी नाकं काढत बसला होता.

आता त्यानं सगळं नव्यानं मांडलं. मावशीचं कपाळ घेतलं. आरशापुढं बसून स्वतःचे कान काढले, हनुवटी काढली. बापाचं आपल्यात काय आहे ते वजा केलं, उरेल ते आईचं धरलं. पण नाकाखालचं काही ठरेना. मिटलेले ओठ काढायचे, आणि त्यामागं चढलेला दात आहे हे कळलं पाहिजे. ओठ जरा दाबले की ती चिडलेली दिसायची. सैल सोडले की ती मेलेली दिसायची.

छापताना बिघडलेले फ्लेक्स दुकानात कोपऱ्यात पडलेले असत. त्यांच्या पाठीवर तो काढत राहिला. जेवायच्या सुट्टीत काढायचा, गिऱ्हाईक उभं असताना काढायचा. मालक म्हणाले, "रामनाथ, त्या खडकीच्या पोराच्या बॅनरवर नाव दुसऱ्याचंच छापलंयस. बरा आहेस ना?" ग्रुपवर त्याचे सरांच्या फोटोवरून काढलेले चेहरे यायचे बंद झाले. तो नुसते ओठ टाकायचा. पानभर ओठ. प्राचीनंसुद्धा थट्टा सोडली. तिनं एकदा वेगळा मेसेज केला, "भाऊ, कुणी गेलंय का?" त्यानं मोबाईल खिशात टाकला. काय लिहिणार? गेलीय, पण कधीची.

रोजचं चित्र तो मावशीलाही पाठवायचा. सखूबाई सुरुवातीला लगेच फोन करायची. "कपाळ मोठं झालं रं." "भुवया जवळ आन." मग फोन कमी झाले. एके दिवशी तिचा आवाज अगदी बारीक आला.

"रामनाथ, आता नको पाठवू."

"का गं मावशी?"

"मला आता कळंना. तू एवढ्या रत्ना दावल्या, माझी व्हती ती पुसत चालली. डोळं मिटलं का तुझीच चित्रं दिसत्यात. माझ्याकडं तेवढीच व्हती रं."

रामनाथ फोन हातात धरून दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. आता एकच माणूस उरला होता, आणि त्याची नजर नळीएवढीही राहिली नव्हती. मागल्या शनिवारी हौशीरामनं मोबाईल उलटा धरला होता. बापाच्या ते लगेच लक्षात आलं नव्हतं.

मोबाईल लहान पडतो, म्हणून रामनाथनं दुकानातला उरलेला सनबोर्डचा, फ्लेक्स चिकटवायच्या हलक्या पांढऱ्या पाटीचा, तुकडा घेतला. हातभर उंचीचा. त्यावर रंगात काढायचं ठरवलं. कोळशाच्या चित्रात सगळे सारखेच करडे दिसतात, रंग बापाला लांबून कळेल. त्यानं तीन-चार रंग मिसळून मावशीच्या मनगटाचा रंग जमवला. नाक सरळ ठेवलं. ओठांवर तो सगळा आठवडा घासत होता. शुक्रवारी संध्याकाळी ओठांच्या एका कोपऱ्याशी त्यानं ब्रशचा एकच फटका मारला आणि हात आखडून घेतला. बोर्डवरची मुलगी काहीतरी लपवत होती आणि हसत होती. रामनाथ मागं सरला. त्याला तिच्यापुढं चप्पल काढावीशी वाटली.

शनिवारी सरांनी विषय दिला होता, 'समोर बसवून एक चेहरा'. इतके दिवस न काढलेल्या चेहऱ्यांची लाज वाटून रामनाथनं दुपारीच दुसरा सनबोर्ड आणि रंग उचलले आणि स्टँडवर जाऊन शेंगावालीपुढं बसला. ती गोरीमोरी झाली. "माझं रं काय काढतो? तोंडात दात न्हाईत. कुनी पोरगी न्हाई का घावली?" पण पदर सारखा करून बसली. साठीची बाई. पांढरे केस, खोल गेलेले गाल, शेंगांच्या धुळीनं कोरडे पडलेले ओठ. रामनाथचा हात आता सरावला होता. एसटी लागेपर्यंत चित्र झालं. दोन्ही बोर्ड त्यानं फ्लेक्सच्या तुकड्यात गुंडाळले, सुतळी बांधली आणि गाडीत चढला.

आहुप्यात गाडी पोचली तेव्हा उजेड होता. हौशीराम ओट्यावरच बसला होता. रामनाथनं गुंडाळी त्याच्याजवळ ठेवली.

"आनली?"

"आनली. पाय धुऊन आलो, दादा. मग दावतो."

तो मागच्या अंगाला गेला. पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. ओट्यावर आला तेव्हा हौशीरामनं सुतळी सोडलेली होती. वरचा बोर्ड त्यानं दोन्ही हातांत धरला होता, अगदी डोळ्याला लावून, आणि तो इंच इंच सरकवत होता. कपाळ. एक डोळा. दुसरा डोळा. गाल. त्याच्या तोंडाचा आ वासला होता.

तो शेंगावालीचा बोर्ड होता.

"दादा, ती न्हाई—"

"हीच," हौशीराम म्हणाला. "हीच रं." बोर्डावर त्याचे अश्रू पडत होते आणि तो ते मनगटानं पुसत होता, रंग जाऊ नये म्हणून. "किती पिकली बघ. केस बघ हिचं. दात गेलं का गं? माझंबी गेलं."

रामनाथ गुडघ्यावर बसला. त्यानं खाली पडलेला दुसरा बोर्ड उचलला आणि बापाच्या डोळ्यांपुढं धरला. "दादा, ही बघा. ही नीट बघा."

हौशीरामनं तोही डोळ्याला लावला. वरून खाली सरकवला. ओठांशी आला तेव्हा थांबला. रामनाथ पुढं वाकला.

"ही कुनाची पोर?" हौशीराम म्हणाला. "गोड हाय." आणि त्यानं बोर्ड परत दिला. म्हातारीला मात्र छातीशी धरून ठेवलं.

आवाज ऐकून झुंबरबाई बाहेर आली. तिनं भावाच्या हातातलं चित्र पाहिलं आणि तिची छाती भरून खाली आली. "ही व्हय? असू दे, असू दे, लाव भिंतीला." मग ती रामनाथकडं वळली. त्याच्या हातातल्या बोर्डावर तिची नजर पडली.

तिचा हात आपोआप पदराकडं गेला. पदर डोक्यावर ओढून घेऊन ती मागं सरली, भिंतीला टेकली, आणि तिथंच खाली बसली. तिच्या तोंडून शब्द आले. ते रामनाथसाठी नव्हते.

"वहिनी," ती बोर्डाला म्हणाली, "पोर नीट वाढवलंय गं मी. नको नेऊ."

त्या घरात आजवर कुणी कुणाला वहिनी म्हणताना रामनाथनं ऐकलं नव्हतं.

म्हातारी भिंतीवर गेली. हौशीरामनं चाचपडत खिळा शोधला, बोर्ड टांगला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकू भुवईवर लागलं. रामनाथनं सरळ केलं नाही. रात्रभर झुंबरबाई झोपली नाही. दुसरा बोर्ड रामनाथनं फ्लेक्समध्ये गुंडाळून ओट्याबाहेर ठेवला होता, तरी ती दाराकडं तोंड करून बसली होती.

सकाळी गाडी सुटायच्या आधी हौशीराम हाताला धरून त्याला सोडायला निघाला. कुणी कुणाचा हात धरलाय ते कळत नव्हतं. हौशीरामची बोटं गुंडाळीला लागली.

"ही काल दावली ती पोर का?"

"हां."

"हिचं लगीन व्हायचं असंल."

"झालंय."

"मग तिच्या घरच्यांना नेऊन दे ना रं," हौशीराम म्हणाला. "कवापासनं वाट बघत असतील."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रामनाथनं गुंडाळी काखेत घट्ट धरली.

"देतो, दादा," तो म्हणाला.